रस्त्यापलीकडचं राज्य आणि आमचा हत्ती

माझ्या लेकीला जगाचा इतिहास कोणी शिकवला, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. ती म्हणते, मोठी आईनं. मी म्हणते, मी.

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ, धारची. माळव्यातल्या मराठी घरांत थोरल्या काकूला पोरं मोठी आई म्हणतात. हिंदीतल्या बडी माँवरून आलं असेल, पण आलं आणि बसलं. आता तुम्हीच सांगा, घरात एक मोठी आई आहे म्हटल्यावर सख्खी आई कोण उरते? तिशी ओलांडलेल्या, अंगात बारा हत्तींचा हट्ट असलेल्या माझ्यासारख्या बाईला हे दिवसातून चार वेळा टोचायचं. आज मला त्या बाईचं हसू येतं. तेव्हा ती बाई कुणाला हसू देत नव्हती.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यातली. लेक दहा वर्षांची, आणि पावसाळ्यात तिला सांधेतापानं धरलं. ताप उतरला, पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान हलवली. म्हणाले, "बहनजी, साल भर स्कूल नहीं. सीढ़ी नहीं, दौड़ना नहीं. पाँचवीं का इम्तिहान घर से दिला दो." आम्ही देवासला राहायचो. हे नव्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टची नोकरी. पोरीची खाट आम्ही मधल्या खोलीत खिडकीशी लावली आणि मी मास्तरीण झाले.

पाचवीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे काय हो, पोरीनं ते दसऱ्याच्या आत दोनदा संपवलं. पुस्तक हिंदीत, शिकवणं मराठीत, आणि पोरीचे प्रश्न दोन्हींत. "आई, अब क्या? पुढे काय?"

हे म्हणाले, "वेळ आहेच, तर जग शिकव."

मी मॅट्रिक. जग मला उज्जैनपासून पुण्यापर्यंत माहीत. पण त्याच आठवड्यात वहिनी, म्हणजे जाऊबाई, आजारी पोरीला बघायला धारहून आल्या. त्या इंदूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या, तेही इतिहास घेऊन. भावजींची नोकरी कुक्षीच्या कचेरीत, ते महिन्यातून एकदा घरी येत, आणि दोन्ही मुलगे वसतिगृहात. म्हणजे बाई मोकळ्या. म्हणाल्या, "मी एकाआड एक शनिवारी येत जाईन. तू आपल्या देशाचा इतिहास घे, मी शेजारच्या देशांचा घेते. तोल राहील."

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. आपला देश केवढा, आणि शेजार केवढा! पंगतीत मला जिलबी आणि त्यांना मीठ-लिंबू, असा हिशेब मी मनात केला.

पहिल्याच रविवारी वहिनींनी खाटेजवळच्या फरशीवर रांगोळीनं नकाशा काढला. मध्ये आपला देश, पांढरा. भोवती नेपाळ, तिबेट, ब्रह्मदेश, सिलोन, अफगाणिस्तान, प्रत्येकाला वेगळा रंग. बांगलादेश तेव्हा नवा, आमच्या पुस्तकात तो अजून पूर्व पाकिस्तानच होता. वहिनींनी तो पोरीच्या हातात हिरवी रांगोळी देऊन तिच्याकडूनच भरून घेतला. खाटेवर पालथी पडून, एक हात खाली सोडून पोर देश भरत होती, आणि आजारपणात पहिल्यांदाच तिची जीभ तोंडाबाहेर आली होती. ती कामात रंगली की जीभ बाहेर यायची. माझ्या किल्ल्यांच्या वेळी ती कधी आली नव्हती.

वहिनी संध्याकाळच्या बसनं गेल्या. नकाशा राहिला.

"आई, झाडू नको हं."

"अगं, स्वयंपाकघराची वाट आहे ती."

"मग उडी मारून जा."

पुढचे पंधरा दिवस मी हातात दुधाचं पातेलं घेऊन ब्रह्मदेशावरून उडी मारत होते. एकदा साडीचा घोळ लागून सिलोन पुसलं गेलं, तर पोरीनं जेवण सोडलं. तेवढं प्रेम तिनं आमच्या कुठल्याही गडासाठी दाखवलं नव्हतं.

मग मी माझ्या वाटणीचा इतिहास ताणायला घेतला. एखाद्या गडाचा वेढा मी आठवडाभर उठू द्यायची नाही. शुक्रवारी गोष्ट नेमकी अशा जागी सोडायची, की पोरीचा जीव टांगणीला लागावा आणि मोठी आई कितीही ब्रह्मदेश घेऊन आली तरी हिचं लक्ष माझ्या तटावर राहावं. शनिवारी वहिनी आल्या. पोरीनं विचारलं, "मोठी आई, दोर तुटतो का?" आणि वहिनींनी पिशवी खाली ठेवता ठेवता पूर्ण गड सर करून दाखवला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, मी तो दोर आठवडाभर जपून ठेवला होता!

एकदा तर त्यांनी मांडूची चिंच आणली. दुधीएवढं फळ, वर मखमल, आत पांढरा आंबट गर. त्याचं झाड म्हणे समुद्रापलीकडून आलं, लोक त्याला खुरासानी इमली म्हणतात, कोणी म्हणतं अरबांनी आणलं. त्या एका फळावर वहिनींनी दोन दिवस काढले. पोर गर चोखत होती आणि समुद्र, गलबतं, सुलतान सगळे त्याबरोबर पोटात जात होते. उरलेलं फळ त्या माझ्यासाठी ठेवून गेल्या. मी कढीला आमसूल लावलं, त्या चिंचेला हात लावला नाही.

आणि मग पानिपत. ते माझं हुकमाचं पान. आमच्या माहेरी, इथंच देवासला, संक्रांतीला तिळगूळ वाटत नाहीत. आमच्या घराण्यातला एक पुरुष त्या लढाईवरून परतला नाही, म्हणून तिळगूळ थेट रथसप्तमीला. मी ते सांगताना रडले, पोरही रडली. मला फार बरं वाटलं. डोळे पुसून ती म्हणाली, "आणि ते पलीकडचे? इतक्या थंडीत, इतक्या लांब कशाला आले होते?"

"मला काय माहीत! आले आणि मारून गेले."

रविवारी मोठी आईला माहीत होतं. ते कुठून निघाले, वाटेत काय खाल्लं, त्यांच्यातल्या कितीकांना घरी जायची घाई झाली होती, त्यांच्याही बायका डोंगरात वाट बघत होत्या. मी दारामागे मेथी निवडत होते. देठं ताटात आणि पानं कचऱ्यात जात होती.

त्या गेल्यावर पोर म्हणाली, "आई, तू अर्धीच गोष्ट सांगतेस."

हे जेवायला बसले तेव्हा मी विषय काढला. "आधी आपल्या घरचं तर पक्कं होऊ दे तिचं. शेजारपाजार मग."

"अगं, दोघी शिफ्ट करता आहात, करा की," हे म्हणाले. "एक मशीन, दोन ऑपरेटर."

"मशीन कोणाचं आहे पण?"

ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

संक्रांतीला आम्ही धारला गेलो. डॉक्टरांनी बसनं जायची परवानगी दिली होती. इंदूरला बस बदलून, खिडकीशी पोरीला बसवून, "सरको भिया, बच्ची बीमार है" म्हणत म्हणत पोचलो. वहिनींच्या घरी तिळगूळ त्याच दिवशी, भरपूर, हलव्याचे दागिनेसुद्धा. मी एक दाणा तोंडात घातला नाही. माहेरची रीत म्हणून. रीत होतीच, पण त्या दिवशी ती मी जरा जास्तच जोरात पाळली.

आणि मग मी पाहिली ती खाट. वहिनींच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लावलेली, बुटकी, म्हणजे चढायला त्रास नको अशी. नवी गादी. गादीवर जुन्या नऊवारींची शिवलेली गोधडी, मऊ. अजून कोणी काही विचारलं नव्हतं, आणि खाट तयार होती.

दुपारी वहिनी म्हणाल्या, "जूनपासून हिला माझ्याकडे ठेव. शाळा दोन घरं सोडून, वर्ग खालीच. तुमच्या तिकडे तर जिना चढावा लागतो. वर्षभर राहील, अंग धरेल. इतिहास-भूगोल मी घेईनच."

खोट काढावी असं त्यात काहीच नव्हतं. हे विचारात पडले, म्हणजे अर्धे हो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "घाई नाही. चैत्रात मी हळदीकुंकवाला येईन तेव्हा सांगा. आणि हिला विचारा."

मी तिथल्या तिथे पोरीला विचारलं. ती गोधडीवर हात फिरवत होती. म्हणाली, "मोठी आईकडे रोज नकाशा असेल?"

परतीच्या बसमध्ये मी पदर तोंडाला लावून बसले. पोरीला वाटलं मला बस लागली. तिनं मला खिडकी दिली.

आता चैत्रापर्यंत काय करायचं? मी कारखान्याच्या वाचनालयातून यांच्याकरवी एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि चीनची भिंत शिकवायला घेतली. माझ्याच भिंतीखाली मी गाडले गेले. पोर जांभया देत होती. शेवटी तिनं विचारलं, "आई, तू कधी दुसऱ्या देशात गेली आहेस का? मोठी आई गेली आहे. नेपाळला. पशुपतिनाथाला."

खरं होतं, सासू-सासऱ्यांबरोबर त्या यात्रेला गेल्या होत्या. तिथली घंटा त्यांच्या देवघरात होती आणि तिचा आवाज फारच चांगला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"रोज जायची!" मी म्हणाले. "तुझ्याहून लहान होते तेव्हा. कढीपत्ता आणायला."

"कुछ भी! हे चीटिंग आहे."

"देवीची शप्पथ. टेकडीवरच्या थोरल्या मातेची आणि धाकट्या मातेचीही."

आणि ते खरंच होतं. बाहेरच्यांना सांगावं लागतं, आमचं देवास एक गाव पण दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांच्या वाटणीतली. रस्त्याच्या या बाजूला एक महाराज, त्या बाजूला दुसरे. दोन कचेऱ्या, दोन फौजदार. माझं माहेर थोरल्या पातीत, माझे आजोबा तिथल्या धान्याच्या कोठीवर होते. राज्यं विलीन झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. त्याआधी आमच्या समोरच्या अंगणातला कढीपत्ता परराज्यातला होता. आजी फोडणी टाकता टाकता म्हणायची, "जा गं, पलीकडच्या राज्यातून चार पानं आण." मी धावत परदेशी जायची आणि तेल तापायच्या आत परत यायची.

पोर खाटेवर उठून बसली. जीभ बाहेर आली.

"मग? अजून सांग."

मग काय विचारता! मी दसरा काढला. दोन्ही पात्यांच्या दोन स्वाऱ्या, दोन हत्ती. आमचा हत्ती केवढा, त्याची झूल केवढी, तो चालला की आमच्या ओट्यावरचे तांबे हलायचे. "आणि पलीकडच्यांचा? तो मेला एवढासा. हत्ती कसला, म्हशीला सोंड लावल्यासारखा."

पोर हसली, आणि लगेच थांबली. "पण तू तर इकडून बघत होतीस. तिकडून कसा दिसत होता?"

पुन्हा तेच! पलीकडून. मला धाकट्या पातीचं खरंच काही ठाऊक नव्हतं. समोर राहून, त्यांचा कढीपत्ता खाऊन, आम्हाला एवढंच शिकवलेलं की ते हळदीकुंकवाला उशिरा येतात. पण खाट डोळ्यांपुढे होती, ती बुटकी. मी म्हणाले, "चल, विचारून येऊ."

डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलंच होतं. माझ्या माहेरच्या घरासमोर, त्या कढीपत्त्याच्या घरात, एक आजी अजून होत्या. त्यांचे यजमान धाकट्या पातीच्या पागेवर. चैत्र-श्रावणात कुंकू लावण्यापलीकडे माझं त्यांचं बोलणं नव्हतं. आम्ही रस्ता ओलांडला. पोरीनं मध्येच थांबून विचारलं, "आता कुठे?"

"आता सरहद्दीवर. चल, टांगा येतो आहे."

आजी ओट्यावर वाती वळत होत्या. मी कौतुकानं सांगितलं, पोरीला इतिहास शिकवते आहे, तुमच्या राज्याचा दसरा ऐकायचा आहे.

"आमचा दसरा?" आजी म्हणाल्या. "आमचा हत्ती असा होता, बाळ, की तो कमानीखालून जाताना माहुताला वाकावं लागे. तुमच्या थोरल्या पातीचा म्हातारा झाला होता गं. एका डोळ्यानं अधू. नाव थोरली पाती, आणि हत्ती असा."

"अधू?" मी म्हणाले. "आमचा हत्ती अधू?"

"डाव्या डोळ्यानं. म्हणून तर तो नेहमी आमच्याकडे तोंड करून चाले. त्याला उजवीकडचंच दिसे."

"तो तुमच्याकडे बघायचा कारण तुमचा घाबरून लीद टाकायचा!"

"ए बाई, आमच्या पागेतली लीदसुद्धा मोजली जाई. तुमच्याकडे हत्तीला गूळ तरी मिळत होता का? तुझे आजोबा कोठीवर होते म्हणून विचारते."

"माझ्या आजोबांपर्यंत जाऊ नका हं, आजी!"

मी उभी राहिले होते. पदर खोचलेला. समोर सत्तरीपुढची बाई, हातात वात, तीही ओट्यावरून अर्धी उठलेली. दोन्ही राज्यं जाऊन पाव शतक झालं होतं, हत्तींची हाडंही उरली नसतील, आणि आम्ही रस्त्यावरच्या लोकांना थांबवत होतो. एक सायकलवाला म्हणाला, "क्या हुआ भिया?" आणि मग मला आवाज आला. पोर हसत होती. ओट्याच्या पायरीवर बसून, पोट धरून, आजारपणाच्या आधी हसायची तशी. तिला दम लागेल म्हणून मी घाबरले, तर ती मलाच हातानं थांबवून म्हणाली, "आई, भांडा ना. अजून भांडा."

त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी परराज्यात जाऊ लागलो. आजींची होळी, आजींच्याकडचा पाण्याचा तंटा, आजींच्या सासूनं आमच्या बाजूला मुलगी दिली तेव्हा झालेलं रडणं. घरी आल्यावर मी आमच्याकडची बाजू सांगायची. पोर कधी याला खरं म्हणे, कधी त्याला. चीनची भिंतसुद्धा मी पुन्हा घेतली, या खेपेला भिंतीपलीकडच्यांपासून सुरुवात केली, आणि ती जागी राहिली. वहिनींची पद्धत मी उचलली होती, हे मला कळत होतं. पण त्यांना कशाला कळायला हवं?

चैत्र आला. गौर बसवायच्या आदल्या दिवशी पोरीनं फरशीवर रांगोळीनं देवास काढलं. मधोमध रस्ता, इकडे थोरली पाती, तिकडे धाकटी, वर टेकडीवर दोन माता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हत्ती, अगदी एकसारखे. मी म्हणाले, "आपला थोडा मोठा कर ना." तिनं ऐकलं नाही.

वहिनी आल्या. हातात कैऱ्यांची पिशवी. स्वयंपाकघराकडे निघाल्या तशी पोर ओरडली, "मोठी आई, उडी!"

आणि वहिनींनी उडी मारली. थोरल्या पातीवरून, कैऱ्यांसकट. त्या उडीसाठी मी पंधरा दिवस ब्रह्मदेश ओलांडला होता. मला पन्हं न पिताच गार वाटलं.

मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी नकाशा बघितला. खूप वेळ बघितला. "ही पाण्याची वाटणी कशी? फौजदार इकडचा तिकडे जाई का? चोर रस्ता ओलांडून गेला तर?" पोर उत्तरं देत होती, दोन्ही बाजूंची. वहिनी म्हणाल्या, "अगं, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळून, जरा आंबट चेहऱ्यानं, "आमच्या धारला मेलं एकच राज्य."

त्या आंबट चेहऱ्याची चव मी अजून जिभेवर ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू झालं. पलीकडच्या आजी आल्या, आणि सगळ्यांच्या आधी आल्या, मुद्दाम. वाटली डाळ खाता खाता वहिनींनी पोरीला जवळ घेतलं. "मग? जूनमध्ये येतेस ना माझ्याकडे?"

माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता. तो मला कोणाला तरी द्यायचा होता, कोणाला ते विसरले.

पोर म्हणाली, "मोठी आई, आत्ता नाही. गोधडी ठेव. मी मे महिन्यात येईन, मग परत जाईन. पलीकडच्या आजींची दिवाळी अजून राहिली आहे. त्या म्हणतात ती दिवाळीतच सांगणार."

बघा. राहिली ती, माझ्या घरी राहिली, पण माझ्यासाठी नव्हे. आजींच्या दिवाळीसाठी. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी आजींकडे बघितलं, आणि आजी कैरीची डाळ दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या, जणू काही झालंच नाही. शाळेचा जिना पुढे ती माझ्या हाताला धरून, पायरी पायरीनं चढली.

वहिनी त्यानंतरही येत राहिल्या. त्यांची ती बुटकी खाट मे महिन्यात भरायची. मी गोधडीत हात घालून बघितलं आहे, मऊ होती, नाही म्हणत नाही.

मग बरीच वर्षं गेली. लेक इंदूरला कॉलेजात गेली, इतिहासच घेतला, एम.ए. झाली, आणि ऐंशीच्या दशकात एक दिवस कन्नौदकडचं स्थळ बघायला आलं. मुलाची आई मोठी चौकस. म्हणाली, "इतिहास कसा काय घेतलास गं?"

लेक म्हणाली, "माझ्या मोठी आईमुळे. आजारी होते तेव्हा तिनं शिकवला."

मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. वहिनी पलीकडे खुर्चीवर, मान खाली, पण ओठ दाबलेले. मी बश्या ठेवल्या. वहिनींच्या पोह्यांवर शेव घातली नाही. मग मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं विचारलं, "आणि हत्तीचं? हत्तीचं कोणी शिकवलं?"

मुलाकडचे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाच्या आईनं हातातला चमचा खाली ठेवला. लेक शांतपणे म्हणाली, "ते पलीकडच्या आजींनी. आईचा हत्ती अधू होता."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी मलाच आणावं लागलं.

लग्न तिथेच जमलं. माझी नात आता मला विचारते, आजी, खरं काय होतं? मी तिला पलीकडची बाजू आधी सांगते, कारण तशी रीतच पडली आहे आमच्याकडे. सगळी सांगते, डाव्या डोळ्यासकट, काहीही न गाळता. आणि मग सांगते, की आमचाच मोठा होता.